पडद्याच्या कडा

डिसेंबर अर्धा सरला की बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये रस्त्याच्या कडेला अवरेकाईचे ढीग पडू लागतात. दिसायला पावट्याची शेंग. पण हिच्या सालीला एक तेलकट ओल असते आणि तिचा वास दिवसभर बोटांना सोडत नाही. इथले लोक त्या वासाला सोगडु म्हणतात. धुके जितके दाट, तितका सोगडु अधिक, असे इथल्या बायका खात्रीने सांगतात. मी आता बेळ्ळंदूरला राहतो. तिथे सोललेले दाणे प्लास्टिकच्या पिशवीतून दारात येतात आणि त्यांना कसलाही वास नसतो. म्हणून मोसमात एकदा तरी मी शहर ओलांडून इकडे येतो, ढिगापुढे उभा राहतो, एखादी शेंग बोटांत चुरडून हुंगतो, आणि बहुतेक वेळा काही न घेताच परततो. काल शेंगवालीने विचारले, "बेडवा सार?" नको का, साहेब? मी "नाळे" म्हणालो. उद्या. तिने मान हलवली आणि माझ्या हातातली चुरडलेली शेंग काढून घेऊन बाजूला टाकली.

माझ्या आठवणीत हा मोसम एका पडद्याशी जोडला गेला आहे. नव्वदीचे दशक सरत आले होते. त्या हिवाळ्यात अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दृष्टी हळूहळू जात होती आणि मी त्यांच्या शेजारी बसून कॉम्प्युटरचा पडदा दुरुस्त करत होतो. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली, रोज संध्याकाळी चालल्या होत्या. डोळे वाचवण्याजोगे होते, वेळही होता. तो वेळ मी आळसात घालवला असता तर कदाचित आज कमी बोचले असते. मी तो परिश्रमात घालवला.

अण्णांची सगळी नोकरी एका सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. दुसऱ्यांनी घडवलेले दातेरी चाक हातात घ्यायचे, मोजायचे, आणि केसभर फरक असला तरी बाजूला काढून ठेवायचे, हे त्यांचे काम. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बोटांना काही मोजायला उरले नाही. वर्तमानपत्राची घडी घालताना ते कडा जुळवत बसत; जुळल्या नाहीत तर पुन्हा उलगडून घालत. ते पाहवेना, म्हणून मी एस. पी. रोडवरून सुटे भाग आणून एक कॉम्प्युटर जोडला. त्यावर लिनक्स चढवण्याची कल्पना नितीनची. नितीन माझ्या ऑफिसातला, पुण्याहून नुकताच आलेला, आमच्याच गल्लीत एका खोलीत राहणारा. दर रविवारी तो माझ्या आईच्या हातचे जेवायला येई आणि त्याची परतफेड म्हणून सल्ले देई. लिनक्सची सीडी त्याला एका मासिकाबरोबर फुकट मिळाली होती.

"ह्यात मराठी कुठे आहे?" अण्णांनी पहिल्याच दिवशी विचारले.

"नाही ना काका, अजून तरी नाही," नितीन म्हणाला. "पण सगळं ओपन आहे. तुम्ही बनवा, जग वापरेल."

"ओपन म्हणजे?"

"म्हणजे आतलं सगळं बघता येतं. बदलता पण येतं."

"बघता येतं ना? मग साकु," अण्णा म्हणाले. पुरे आहे एवढे. आमच्या घरात दोन पिढ्यांचे बंगळूर होते, त्यामुळे असे कन्नड शब्द मराठीत मिसळून गेले होते आणि कोणाला ते वेगळे वाटत नसत.

दुसऱ्या दिवसापासून ते अक्षरे काढू लागले. ठिपक्यांच्या चौकटीत एकेक ठिपका काळा करत अक्षर उभे करायचे. प्रत्येक अक्षर एक वेगळी, इवलीशी फाईल. प्रत्येक जोडाक्षर, प्रत्येक वेलांटीचे रूप वेगळे. 'ळ'च्या पोटातली जागा त्यांना मनासारखी मिळेना. तो पुसून पुन्हा काढताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असे, ते मी त्यांच्या निवृत्तीनंतर प्रथमच पाहत होतो. खोलीत मॉनिटरच्या तापलेल्या धुळीचा वास आणि स्वयंपाकघरातला अवरेकाईचा सोगडु मिसळलेला असे. पडद्याजवळ हात नेला की मनगटावरचे केस उभे राहत.

पहिली तक्रार बाणाची होती.

"श्री, बाण गेला."

मी व्हाइटफील्डहून ऑफिसच्या बसने येऊन नुकता बूट काढत होतो. माऊस हलवून पाहिला; बाण डाव्या कडेला होता. "आहे की, अण्णा. हा इथे."

"आता आहे. मघाशी नव्हता."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी शोध घेतला आणि मला कारण सापडलेही. काही ग्राफिक्स कार्डे बाण स्वतः रेखाटतात आणि कधीकधी रेखाटायचे विसरतात, असे जगभरातल्या लोकांचे अनुभव इंटरनेटवर वाचायला मिळत. उपायही सोपा होता: एका फाईलमध्ये एक ओळ घालायची, की बाण काढण्याचे काम कार्डाकडून सुटून कॉम्प्युटरकडे येते. ती ओळ घातल्यावर बाण हलताना किंचित लुकलुकू लागला. त्या लुकलुकण्यामुळे तो अण्णांना लवकर सापडू लागला असावा. "आता बरं आहे," ते म्हणाले. मी नितीनला फोन करून सांगितले. चुकीच्या निदानावर बरोबर गुण आला की माणसाचा स्वतःवर किती विश्वास बसतो, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

मग कडी आली. पांढऱ्या पडद्यावरच्या काळ्या अक्षरांभोवती संध्याकाळी रंगीत कडी दिसतात, असे अण्णा म्हणू लागले. मॉनिटरच्या रंगांचे तीन झोत एका ठिकाणी न मिळाले की असे होते, हे मला पुस्तकातून माहीत होते. शेजारचा स्पीकर मी दूर ठेवला, कारण त्यात लोहचुंबक असते. मॉनिटर खिडकीपासून हलवला. त्याचे चुंबकत्व घालवण्याचे बटण दाबले की ठण्ण असा आवाज होऊन सगळे चित्र पाण्यात पडल्यासारखे हलून स्थिर होई. अण्णांना तो प्रकार फार आवडे. "अजून एकदा कर," ते म्हणत. पडद्याची कंपनसंख्या वाढवताना मी जीव मुठीत धरून आकडे लिहीत असे. आकडा चुकला की मॉनिटर बारीक किंचाळल्यासारखा आवाज करी आणि आतून जळून जाण्याची भीती असे.

त्याच सुमारास एका संध्याकाळी आम्ही दोघे कॉफीची पूड आणायला निघालो होतो. रस्त्यावर धुके उतरले होते आणि दिवे लागले होते.

"त्या दिव्यालाही कडं आहे," अण्णा म्हणाले.

"धुकं आहे, अण्णा."

"धुक्याला इंद्रधनुष्याचे रंग असतात होय रे?"

"असतात," मी म्हणालो. मी वर पाहिलेसुद्धा नाही. मनात मॉनिटरचे आकडे चालले होते.

तो दिवा कुठे होता हे मी आजही दाखवू शकेन. तिथे आता मेट्रोचा खांब आहे. जाताना माझी मान आपोआप वर होते आणि दिव्याभोवती मला काहीही दिसत नाही.

तिसरी तक्रार फायलींची. "अक्षरांची चित्रं उशिरा येतात," अण्णा म्हणाले. एव्हाना एकाच फोल्डरमध्ये हजारो इवल्या फायली साठल्या होत्या, आणि त्या काळच्या लिनक्सची फाईलव्यवस्था असा फोल्डर उघडताना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक नाव वाचत जाई. दोष खरा होता, एवढे मी स्वतःच्या बाजूने म्हणू शकतो. मी पेटून उठलो. अक्षरांची वर्गवारी करून लहान लहान फोल्डर केले. डिस्क आपला मजकूर प्रोसेसरच्या हातून भरवून घेत होती. एका आज्ञेने तिला स्वतःच्या हाताने वाढायला लावले. आणखी एक गोष्ट मला वाचताना सापडली. फाईल नुसती उघडून पाहिली तरी ती केव्हा पाहिली गेली याची वेळ व्यवस्था डिस्कवर लिहून ठेवते. हजारो फायली पाहिल्या की हजारदा लिहिणे आले. पाहिल्याची नोंद ठेवण्याची गरजच काय, असा विचार करून मी ती बंद करून टाकली. वेग वाढला. तो रविवार होता आणि नितीन हातातल्या घड्याळावर वेळ धरून बसला होता.

"काका, आता डिस्क इतकी फास्ट झालीये ना, की फाईल तुम्ही मागायच्या आधीच येईल."

"येते रे बाबा," अण्णा म्हणाले. "येऊन कुठे बसते, तेवढं सांग."

आम्ही तिघेही हसलो. आई भज्यांची ताटली घेऊन दारात उभी होती. ती हसली नाही. तिला विनोद कळला नाही, असे मला वाटले.

अवरेकाईचे दाणे भिजवून, चिमटीत दाबून, साल सोडवून आतला मऊ गर काढतात. कोकणात वालाच्या डाळिंब्या करतात तसेच. इथे त्याला हितकबेळे म्हणतात. मोसमात आमच्या घरी रोज दुपारी हा उद्योग चाले. मध्ये भिजलेल्या दाण्यांची परात, एका बाजूला गरासाठी पातेले, दुसऱ्या बाजूला सालींसाठी. आई आणि अण्णा समोरासमोर बसत. अण्णांची चिमूट अचूक होती. दाबले की दाणा टुपकन उडून पातेल्यात पडे. त्या वर्षी दाणे पातेल्याबाहेर पडू लागले आणि साली गरात.

"अहो, लक्ष कुठे आहे तुमचं? सालींचं पातेलं डाव्या हाताला आहे."

"कुठे?" अण्णांनी मान वळवली. "हं. आहे. तू मघाशी हलवलंस काय?"

"मी कशाला हलवू? पातेलं काय पळतंय?"

"या घरात हल्ली सगळंच पळतं. बाण पळतो, पातेलं पळतं."

त्या संध्याकाळी आईने मला स्वयंपाकघरात गाठले. "श्रीधर, ह्यांचे डोळे एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवून आण."

"आई, चष्म्याचा नंबर आत्ताच तर तपासला. सगळ्यात खालची ओळ वाचली त्यांनी."

"ओळ वाचली रे. पण दुकानातून निघताना दाराला धडकले."

"दुकानाचं दार काचेचं आहे, आई. तिथे सगळेच धडकतात."

आईकडे शब्द नव्हता, कारण नव्हते, आकडा नव्हता. केवळ तिने पाहिलेले होते. आणि मला त्या काळात आकड्याशिवाय काही ऐकू येत नसे.

खालची ओळ वाचता येते आणि तरीही डोळे जात असतात, हे मला ठाऊक नव्हते. आता मला ते इतके नीट ठाऊक आहे की मी झोपेतही सांगू शकेन. डोळ्यातला दाब वाढत जातो. मधली नजर अखेरपर्यंत शाबूत राहते आणि कडेने अंधार आत येतो. तो अंधार काळा नसतो, म्हणून माणसाला दिसत नाही. ज्या जागी काही दिसत नाही तिथे काही नाहीच, असे मन ठरवून टाकते आणि रिकामी जागा आसपासच्या रंगाने भरून घेते. बाण नाहीसा झालेला नसतो. तो पडद्याच्या अशा भागात गेलेला असतो, जो भाग पाहणाऱ्यापुरता शिल्लकच नाही.

जानेवारीच्या मध्यावर मी ठरवले की हा प्रश्न कायमचा संपवायचा. मला फेब्रुवारीत अमेरिकेला जायचे होते. सन दोन हजार लागताच जगातले कॉम्प्युटर तारखा विसरतील, या भयाने आमच्या कंपनीला भरपूर काम दिले होते आणि माझे तिकीट आले होते. जाण्यापूर्वी अण्णांचे यंत्र निर्दोष करून जायचे, असा माझा निश्चय होता. मी नवे कार्ड घेतले. नितीनने ऑफिसातल्या एका मित्राचा मोठा मॉनिटर मागून आणला. रिक्षात तो मांडीवर घेऊन आला आणि जिन्यावर "काका, टीव्ही आला, थिएटर आलं," असे ओरडत चढला. सगळे जोडून झाल्यावर अण्णांना खुर्चीत बसवले. चित्र इतके स्वच्छ होते की मला स्वतःला अभिमान वाटला.

अण्णा बराच वेळ पाहत राहिले.

"छान आहे," ते म्हणाले. "उजवीकडची खालची बाजू जरा मंद वाटते."

"कुठे?"

"इथे." त्यांनी बोट ठेवले. मग मान थोडी वळवली. "आता नाही वाटत."

"मग आता ठीक आहे ना?"

"मान सरळ केली की पुन्हा वाटते."

मी आवाज चढवला नाही. मी कधीच चढवत नाही. माझ्या घरात आणि ऑफिसात तो माझा गुण म्हणून सांगितला जातो. हळू आवाजात किती कठोर बोलता येते, हे ज्यांना ऐकावे लागते त्यांनाच कळते.

"अण्णा, मॉनिटर दुसरा आहे. कार्ड नवं आहे. डिस्क मी स्वतः मोजली. या मशीनमध्ये आता काही दोष राहिलेला नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "नक्की?"

"नक्की."

"सगळं तपासलंस?"

"सगळं."

"सरी," अण्णा म्हणाले. ठीक आहे. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. त्या 'सरी'मध्ये मला सुटका ऐकू आली. काम पसंत पडल्याचा शेरा ऐकू आला. नितीन म्हणाला, "चला, क्लोज केला विषय," आणि आम्ही जेवायला उठलो.

त्यानंतर अण्णांनी तक्रार केली नाही. आमच्या धंद्यात तक्रार पुन्हा आली नाही की ती मिटली असे धरतात. तक्रार करणारा थकला असेल, असा रकाना कुठेच नसतो.

अमेरिकेतून मी दर रविवारी फोन करत असे. लाइनवर आवाज उशिरा पोचे, त्यामुळे आम्ही एकमेकांच्या बोलण्यावर बोलत असू आणि मग दोघेही थांबत असू.

"पडदा कसा आहे, अण्णा?"

"उत्तम. तू नीट जेवतोस ना?"

"अक्षरं कुठवर आली?"

"चालू आहेत. घाई काय आहे?"

आईला फोन दिला की ती हवेबद्दल बोले, भाजीच्या भावांबद्दल बोले, कोपऱ्यावरच्या नव्या दुकानाबद्दल बोले. तिला काही सांगायला मनाई झाली होती, हे मला नंतर कळले.

मी परतलो तेव्हा गणपती होऊन गेले होते. टॅक्सीतून सामान उतरवून मी आत आलो. अण्णा ओसरीवरच्या खुर्चीत बसले होते, दाराकडे तोंड करून. मी त्यांच्या डाव्या बाजूने आलो आणि बॅग खाली ठेवून उभा राहिलो.

"श्री अजून टॅक्सीवाल्याशीच बोलतोय काय?" त्यांनी आईला विचारले.

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो.

डोळ्यांच्या इस्पितळात त्यांना एका काळोख्या खोलीत पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रासमोर बसवले. वाडग्याच्या आतल्या बाजूवर बारीक दिवे उमटतात. हातात एक बटण देतात. दिवा दिसला की दाबायचे. मला मागे कोपऱ्यात उभे राहू दिले होते. तिथून मला दिवे दिसत होते. वर एक उमटे. बटण वाजत नसे. कडेला एक उमटे. बटण वाजत नसे. खाली, उजवीकडे, एक. काही नाही. अण्णा ताठ बसून लक्षपूर्वक पाहत होते. आयुष्यभर तपासणीचे काम केलेला तो माणूस एकही दिवा चुकू नये म्हणून श्वास रोखून बसला होता, आणि मी मागे उभा राहून त्याचे चुकलेले दिवे पाहत होतो. मध्यभागी आलेल्या दिव्यांना मात्र त्यांनी प्रत्येक वेळी बटण दाबले.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी अण्णांना विचारले, दिव्याभोवती कधी कडे दिसायचे का.

"दिसायचं. मागच्या थंडीत," अण्णा म्हणाले.

"तेव्हा यायला हवं होतं, अंकल. लेझरने बारीकसं छिद्र करून देतो आम्ही. लगेच घरी जाता येतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "काचबिंदू आहे. डाव्या डोळ्यात काही राहिलेलं नाही. उजव्यात मधलं तेवढं आहे. ते राखायचा प्रयत्न करू. स्वल्प लेट आयितु." किंचित उशीर झाला. त्यांच्या आवाजात ठपका नव्हता. असता तर मला कुठेतरी टेकायला जागा मिळाली असती.

अण्णा त्यानंतर बरीच वर्षे जगले. उजव्या डोळ्यातली ती किल्लीच्या भोकाएवढी जागा थेंबांनी आणि शस्त्रक्रियेने काही काळ टिकली. अक्षरे मात्र थांबली. पुढे मराठी पडद्यावर सगळीकडे आले, सुबक, तयार, हवे तेवढे. त्यांच्या 'ळ'ची कोणाला गरज पडली नाही. तो आजार रक्तातून येतो, म्हणून आता दरवर्षी मीही त्या वाडग्यासमोर बसतो. तंत्रज्ञ मुलगी सांगते, दिवा शोधू नका, मध्ये पाहत राहा. मी मध्ये पाहत राहतो. काही वेळा बराच काळ काहीच उमटत नाही, आणि दिवा लागलाच नाही की लागून मला दिसला नाही, हे त्या खुर्चीत बसणाऱ्याला कळण्याची काही सोय नाही. बटण दाबून खोटे बोलावे असा मोह मला होतो. अण्णांना तो झाला नसावा.

त्या दिवशी इस्पितळातून आम्ही रिक्षाने परतलो. आई घरीच थांबली होती. पाऊस नव्हता, ऊन कोवळे होते. मग मी विचारले.

"अण्णा, तुम्हाला कधी कळलं?"

"तू म्हणालास त्या दिवशी."

"मी काय म्हणालो?"

"मशीनमध्ये आता काही दोष नाही म्हणून." ते समोर, रिक्षावाल्याच्या पाठीकडे पाहत होते. "आमच्या खात्यात रिवाज होता. माल पुन्हा पुन्हा नापास होतोय आणि कारागीर शपथेवर सांगतोय की माल चोख आहे, तर मग मापच तपासायला पाठवायचं. तुझ्या कामावर माझा विश्वास होता. मग राहिलं काय? मी दुसऱ्या दिवशी एकेक डोळा झाकून पाहिला."

"आणि बोलला नाहीत?"

"तुझं तिकीट आलं होतं."

"तिकीट रद्द करता आलं असतं."

"हो. म्हणूनच. आणि मला वाटलं, इतकी वर्षं चाललं, आणखी थोडं चालेल. त्यात माझी चूक झाली. मापात मी चुकलो."

माझे निदान त्यांनी ऐकले होते. मी उच्चारले आणि मला स्वतःला ते ऐकू आले नाही. शेजारी बसलेल्या त्या वृद्ध माणसाने माझ्या एका वाक्यातून जे काढले, ते काढायला मला एक समुद्र ओलांडून जावे आणि परतावे लागले होते. मला क्षमा मागायची होती. शब्द जुळवत असतानाच रिक्षा सम्पिगे रोडला वळली.

"सम्पिगे रोड आला काय?" अण्णांनी विचारले.

"आला."

"मग गप्प का बसलास? दिसतंय ते सांगत जा. मी विचारायची वाट बघू नकोस."

मी बाहेर पाहिले. डाव्या बाजूला फुलवाल्या बसल्या आहेत, असे मी सांगितले. शेवंती आहे, पिवळी आणि पांढरी. पलीकडे पितळेच्या भांड्यांचे दुकान, त्याच्या पायरीवर एक मुलगी बुटाची नाडी बांधते आहे, तिच्या मागे सायकल, सायकलवर केळीची पाने, वर विजेच्या तारांवर एक पतंग अडकला आहे, त्यानंतर औषधांचे दुकान, त्यानंतर झाड, झाडाखाली...

अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"स्वल्प निधान, श्री," ते म्हणाले. "एवढं भरभर नको. मला एकेक बघू दे."